विजयमालावैनींचं तेलपानी

आमच्या कडेगाव भागातल्या मानसाला गाडी म्हंजी जीव की प्रान, आन् टायर म्हंजी कोन कुनाचं! गाडीला भोंगा नवा पायजे, हँडलला झालर पायजे, मागं 'आईचा आशीर्वाद' लिवून पायजे. आन् ज्याच्यावर ही समदी मिरवनूक चाललीया त्यो टायर पार गोटा झालेला. हात फिरवावा तर नदीतल्या धोंड्यागत गुळगुळीत. वर मलाच इचारत्यात, "तात्या, एवढा पावसाळा काढंल न्हवं?" मग माजं डोस्कं फिरतं. मी तोंडावर सांगतो, "टायर काढंल रं, पर तू काढशील का ते बघ!"

मी हंबीरराव. विट्याच्या रोडला माजं टायरचं दुकान हाय. नवं टायर घालून देतो, पंक्चर काढतो, हवा भरतो. हंबीरतात्याच्या दुकानात टायर कमी आन् शिव्या जास्त मिळत्यात, असं लोक म्हनत्यात. म्हनू देत की. शिव्या दिल्याबिगार ऐकतंय कोन? उन्हाळा लागला की टायर फुटंल म्हनून निम्मी हवा सोडून देत्यात. आरं बाबा, कमी हवेनंच टायर जास्त तापतोय! सकाळी, गाडी गार हाय तवर हवा बघून घे, हे किती येळा सांगायचं? दगडावर पानी.

पर ह्या समद्या गिऱ्हाइकांत एक मानूस असं हाय, की ज्याच्यावर खेकसायची माजी कवा छाती झाली न्हाई. त्या विजयमालावैनी.

वैनींचं मालक उदयसिंह माजं दोस्त. पोरगं चड्डीत फिरत व्हतं तवाच ते गेले. मागं ऊस, दोन म्हशी आन् वीरधवल. वैनींनी कुनाच्या दारात हात पसरला न्हाई का कुनाच्या म्होरं डोळं गाळलं न्हाईत. पदर खोचून बांधावर उभ्या ऱ्हायल्या, तर ऊसतोड टोळीचा मुकादम सुदीक मोळी नीट बांधायचा. आन् जीभ तर अशी, की माज्यासारख्याला बी गप करायची. एकदा मी कुना पोरावर वरडत व्हतो. वैनी रस्त्यानं चालल्या व्हत्या, तितनंच म्हनल्या, "आवं भावजी, तुमच्या तोंडात हवा लय झालीया. जरा वॉल दाबून सोडा की!" समदं दुकान हसाय लागलं. मी बी हसलो. करतो काय?

वीरधवल फौजेत लागला. तिकडं ट्रक चालवायचा. सुट्टीवर आला की घरची मोटरसायकल घेऊन पयला माज्याकडं यायचा. त्याच्या शेवटच्या सुट्टीत गाडीचं दोन्ही टायर बदलायला झालं व्हतं. बाकीची पोरं येत्यात आन् म्हनत्यात, "तात्या, जाड घाला." जाड टायर घातला की गाडी पैलवान दिसती म्हनं. आरं, पर तिच्या रिमला त्यो नीट बसत न्हाई, वळनावर भलतीकडंच अंग टाकतो, त्याचं काय? वीरधवल तसा न्हवता. खाली बसला. जुन्या टायरच्या अंगावर कोरलेलं माप वाचलं आन् तेच मागितलं. मग नव्या टायरची तारीख बघितली. कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला त्ये टायरवर चार आकड्यांत लिवलेलं असतं. टायर न वापरता पडून ऱ्हायला तरी म्हातारा व्हतोच, रबर कडक पडतं. हे त्याला ठावं व्हतं. मग बाण बघितला. चाक ज्या अंगानं फिरतं, त्याच अंगाला बाणाचं तोंड पायजे. मी मनात म्हनलं, चला, गावात एक तरी निघाला!

त्या दिवशी वैनी आन् सूनबाई, राजेश्वरी, दोघी बी दुकानात व्हत्या. बाजार करून आल्या व्हत्या. वैनी म्हनल्या, "टायरला बी जन्मतारीख असती व्हय? मग बारसं बी घाला त्याचं!" आन् नव्या टायरवर हात फिरवला. नव्या टायरला रबराचं बारीक बारीक केस असत्यात बगा, ते त्यांच्या बोटाला लागलं. "आगं बया!" वैनी म्हनल्या. "ह्येला तर जावळ हाय की गं राजेश्वरी!"

वीरधवल पोट धरून हसला. राजेश्वरी लाजली. घरात अजून पाळना हलला न्हवता, आन् वैनींच्या मनात काय हाय ते सगळ्यांना ठावं व्हतं.

सुट्टी संपली तवा त्याला मिरजेला रेल्वेवर सोडायला मीच माजी जीप घेऊन गेलो. वैनी आन् राजेश्वरी बी संगं व्हत्या. मला सांगलीतनं माल आनायचा व्हता, म्हनलं एका वाटंत दोन कामं व्हतील. गाडी सुटायला आली. त्यो खिडकीत बसला व्हता. राजेश्वरीशी काय बोलायचं ते त्यो आदी बोलला असंल. आता निस्ता बघत व्हता. मग आईकडं वळून म्हनला, "आये, गाडीचं तेलपानी बघ हां. टायरकडं ध्यान दे. मी आलो की बघनार हाय."

"बघती बघती," वैनी म्हनल्या. "तू तुजं तेलपानी बघ. वाळून कोळ झालायस."

एवढंच. गाडी गेली. आमी पुलावरनं भायेर आलो, च्या प्यालो आन् सांगलीला गेलो.

त्यो परत आला त्यो तिरंग्यातनं. वर डोंगरात बर्फावर ट्रक घसरला आन् दरीत गेला. कुनाचा दोष न्हाई, बर्फच तसा पडला व्हता म्हनं. सगळा तालुका लोटला. पोरांनी गळं फुटस्तवर घोषना दिल्या. बंदुकीचे बार झाले तवा झाडावरची पाखरं उठली. वैनी तवा बी हलल्या न्हाईत. बाया त्यांना धरून रडत व्हत्या, "रड गं माय, रड," म्हनत व्हत्या. त्यांच्या डोळ्यांत टिपूस न्हवता. त्या समोर बघत व्हत्या, पर काय बघत व्हत्या कुनाला ठावं.

माजं बी कायतरी तसंच झालं. रडू आलं न्हाई. राग बी आला न्हाई, आन् मला तर राग नाकावर असतो. दुकान उघडायचो, बसायचो. हातातला पाना कुठं ठेवला ते ध्यानात ऱ्हायचं न्हाई. एक जन गोटा टायर घेऊन आला आन् 'अजून चालंल का' म्हनून इचारलं. मी 'चालंल' म्हनलो. त्यो माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायला.

तेरावं झालं आन् त्याच्या पुढच्या रविवारी वैनी गाडी ढकलत दुकानात आल्या. मळ्यातल्या वस्तीपासनं. त्यांना गाडी चालवता येत न्हाई. हँडल दोन्ही हातांनी धरलेलं, पदर डोक्यावरनं सुटलेला, आन् चाकं धुळीनं माखलेली.

"भावजी, हवा बघा," म्हनल्या.

मी बघितली. भरली.

"नीट भरली न्हवं? त्यो आला की वरडंल."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा न्हवती, येडपना बी न्हवता. 'उद्या पानी यायचंय' म्हनावं तसं त्या म्हनल्या. मी म्हनलं, "नीट भरली, वैनी." त्यांनी गाडी वळवली आन् ढकलत गेल्या.

मग दर रविवारी त्या येऊ लागल्या. आजूबाजूचं दुकानदार बघायचं आन् मान फिरवायचं. 'गेला' ह्यो शब्द वैनींच्या तोंडातनं मी कवा ऐकला न्हाई. 'तिकडं हाय' म्हनायच्या. थट्टा तर पार गेली. मी एकदा मुद्दाम एका पोरावर लय वरडलो, म्हनलं आतातरी वैनी कायतरी टोमना मारतील. त्यांनी वर बघितलं सुदीक न्हाई. लय वाईट वाटलं मला त्या दिवशी.

एकदा हवा भरताना त्यांनीच इचारलं, "भावजी, त्याच्या फौजंच्या गाडीचं तेलपानी कोन बघत असंल?"

"बघत्यात की, वैनी. फौजंत लय कडक असतं समदं."

"मग घसरली कशी?"

"बर्फावर कसला बी टायर घसरतो. साखळ्या बांधल्या तरी घसरतो."

मग म्हनल्या, "तेलपानी ऱ्हायलं असंल एखाद्या दिशी. म्हनून मी हिचं चुकवत न्हाई."

मी म्हनलं, "बरं करताय." मला काय ठावं, त्या काय करत्यात ते? माजं काम वॉलपाशी. हवा बघायची, टोपन लावायचं. चाकावर तर मळ्याची धूळ बसलेली.

एवढं मातुर सांगितलं, की गाडी मधल्या स्टँडवर लावत जावा. एकाच जागी टेकून ऱ्हायलं की टायर तिथं चपटा पडतो. आन् कुनीतरी जरा फिरवत जावा. टायर फिरता पायजे.

पुढच्याच आठवड्यात राजेश्वरी गाडीवर दिसली. ती नर्स हाय. मिरजेला शिकली, विट्याला एका दवाखान्यात कामाला जाती. आदी एस्टीची वाट बघत फाट्यावर उभी असायची. वीरधवलनं तिला उसाच्या गाडीवाटंवर गाडी शिकवली व्हती. गावाला काय, तोंड वाजवायला कायतरी पायजेच. नवरा जाऊन वरीस न्हाई आन् बाई मोटरसायकल उडवती, असं सुरू झालं. एका म्हाताऱ्यानं तर वैनींना गाठून इचारलं. वैनी म्हनल्या, "उभी ऱ्हाऊन टायर चपटं व्हत्यात." त्यो म्हातारा 'आ' करून बघत बसला.

त्या दिसापासनं रविवारी दोघी यायच्या. राजेश्वरी चालवायची, वैनी मागं बसायच्या. मला जरा बरं वाटाय लागलं व्हतं.

मग कारखान्याचा हंगाम सुरू झाला. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, एकीला जोडून दुसरी. एका सोमवारी सकाळी राजेश्वरी गाडी ढकलत आली. कोपर सोलपटलेलं, हँडल वाकडं, ड्रेसला माती.

"पडलीस? कुठं?"

"इहिरीजवळच्या वळनावर, तात्या. ट्रॉली पुढं व्हती म्हनून जरा ब्रेक दाबला. मागचं चाक कुनीतरी ओढून घेतल्यागत गेलं. पाठीमागनं दुसरी ट्रॉली येत व्हती. त्या ड्रायव्हरनं येळंला थांबवली म्हनून..."

"चिखल व्हता?"

"न्हाई. कोरडा व्हता रस्ता."

कोरड्या रस्त्यावर, हळू चाललेली गाडी, आन् वरीसभराचा टायर. मला पटंना. मी चाक खोललं. टायरची नक्षी अजून चांगली खोल व्हती. पर बाजूचं रबर मऊ पडलं व्हतं, फुगल्यागत. दाबलं की बारीक बारीक चिरा उघडायच्या. असा टायर मी कवा बघितला न्हवता. गोटा झालेला बघितला, उन्हानं तडकलेला बघितला, हे कायतरी येगळंच. आन् माजी बोटं चिकाट झाली. वास घेतला. खोबरेल!

मग मात्र माजं टाळकं सटकलं. "कुना गाढवानं टायरला तेल चोपडलं गं? काय केस आल्यात का त्याला? तेल रबर खातं, एवढी बी अक्कल न्हाई? मरायचं व्हतं का?"

राजेश्वरी खाली बघत व्हती.

"आत्याबाई लावत्यात," ती म्हनली.

मी हातातला टायर खाली ठेवला. आत्याबाई म्हंजी वैनी!

"दर रविवारी. तुमच्याकडनं हवा भरून गेलो की. वाटीत तेल कोमट करत्यात, गाडीपाशी पाट टाकून बसत्यात. बोटानं त्या खाचाखाचांतनं जिरवत्यात. लेकराची टाळू भरावी तसं. मग कापडानं पुसत्यात." तिनं ओढनीनं कोपर दाबून धरलं. "ते म्हनले व्हते न्हवं मिरजंला, तेलपानी बघ, टायरकडं ध्यान दे. तवापासनं."

आरं देवा! मी बी तिथंच उभा व्हतो की. माज्या म्होरं त्यो बोलला व्हता. आपल्याकडं गाडीचं तेलपानी म्हंजी तिची निगा. इंजिनातलं ऑइल, चेनला थोडं तेल, बाकी पुसापुशी. कुनाला बी इचारा, हेच सांगंल. पर वैनींनी जन्मात तेलपानी केलं ते बैलांच्या खांद्याचं आन् लेकराच्या टाळूचं. आन् त्या टायरचं जावळ त्यांच्या बोटाला लागलं व्हतं. त्यांनी आपलं ऐकलं ते केलं.

"तुला ठावं व्हतं?" मी इचारलं.

"व्हय. मी सोमवारी सकाळी त्या म्हशींच्या धारा काढाय गेल्या की साबनानं धुती. रोज जमेल तसं घासती. काल तेल जरा जास्त झालं व्हतं, आन् आज मला उशीर झाला." मग ती म्हनली, "त्या तेल लावत्यात, मी पानी लावती."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू, तात्या? त्या आठवडाभर बोलत न्हाईत. जेव म्हनलं की जेवत्यात, झोपा म्हनलं की झोपत्यात. तेल लावतानाच तेवढ्या बोलत्यात. माज्याशी न्हाई. त्याच्याशी. 'थांब, हलू नगंस, झालंच,' असं म्हनत्यात." तिचा आवाज बी सरळच व्हता, जनू दवाखान्यातल्या कुना पेशंटचं सांगत व्हती. "तुमी नवं टायर घाला. आन् टायर म्हातारं झालं म्हनून सांगा."

"आन् नव्याला त्या परत तेल लावतील! आज कोपरावर भागलं. उद्या ट्रॉलीखाली सापडलीस तर? मग वैनींचं कोन बघनार?"

तिनं वाकडं हँडल हातानं चाचपलं. मग म्हनली, "मग तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं. त्यांच्या हातात तेवढंच ऱ्हायलंय."

तिला मी एस्टीत बसवून दिलं आन् गाडी दुकानातच ठेवून घेतली. वैनींना हँडलचं काम हाय म्हनून निरोप धाडला.

त्या मापाचा ताजा टायर माज्याकडं न्हवता, म्हनून सांगलीला गेलो. फोनवर सांगून मागवला असता तरी आला असता, पर ते दुकानात पडलेला जुना माल आदी गळ्यात मारत्यात. तिथं गेलो तर तसंच. पयला काढला त्यो दोन वरसं जुना. मी म्हनलं, "ह्येचं लगीन लावायचंय का? ताजा काढा." मग आतनं काढला. राजेश्वरीचा रस्ता म्हंजी निम्मा मळ्याचा, निम्मा डांबरी, आन् हंगामात दोन्ही चिखलाचं. म्हनून खोल खाचांचा, पानी-चिखल भायेर टाकनारा घेतला. रबर जरा मऊ बघितलं. मऊ रबर लवकर झिजतं, पर रस्ता धरून ऱ्हातं. झिजला तर झिजू दे. पुढचा बी बदलायचा ठरवला, कारन तेल त्याला बी लागलं व्हतं.

येताना हळदीच्या पेठंतनं जीप काढली. वास नाकात बसला. सगळ्या वाटंनं मी वैनींना कसं सांगायचं त्येच घोकत व्हतो. पोराच्या शेवटच्या शब्दाला ज्या बाईनं जीव लावला, तिला म्हनायचं, की वैनी, तुमच्या मायेनंच टायर कुजला, तुमच्या हातानंच सून मरत व्हती? ज्या मानसाच्या तोंडात एवढी हवा, त्याचा आज वॉलच अडकला व्हता. खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं.

रविवारी दोघी चालत आल्या. मी नवं टायर अजून चढवलं न्हवतं. जुनं काढून भिंतीला टेकवून ठेवलं व्हतं. वैनींना टायरच्या थप्पीवर बसवलं. च्या मागवला. त्यांनी कप हातात धरला आन् तसाच धरून ठेवला.

"वैनी," मी म्हनलं, "टायरला तेल लावत जाऊ नगा."

"का?"

"तेल रबर खातं. टायर आतनं सडतो. आन् रस्त्यावर चाक घसरतं."

त्यांनी माज्याकडं बघितलं. मग राजेश्वरीच्या कोपराकडं. पट्टी बांधलेली व्हती.

"ही त्यानंच पडली?"

"न्हाई आत्याबाई, चिखल व्हता," राजेश्वरी घाईनं म्हनली.

"भावजी, तुमी सांगा."

मी म्हनलं, "व्हय, वैनी. त्यानंच."

कपातला च्या हलला न्हाई. हात तसाच थिर. जरा येळानं म्हनल्या, "मग त्यो तेलपानी बघ म्हनला व्हता ते?"

"तेलपानी म्हंजी निगा, वैनी. हवा बघायची, गाडी सावलीला लावायची, खिळा घुसला का बघायचं. बोलायची तऱ्हा हाय ती. टायरला तेल लाव असं त्याला म्हनायचं न्हवतं."

"म्हंजी त्यानं सांगितलेलं मी केलंच न्हाई."

"केलं की! दर रविवारी हवा भरली. मधल्या स्टँडवर लावली. सावलीला ठेवली. एवढं तर कुनी..."

त्या ऐकत न्हवत्या. माज्याच कानाला माजे शब्द पोकळ लागले, म्हनून मी थांबलो. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, दुकानाचं पत्रं हाललं. राजेश्वरी उभी व्हती ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मग वैनी, कुनालाच न्हाई असं, म्हनल्या, "ही बी गेली असती."

त्यो 'बी' मी ऐकला. राजेश्वरीनं बी ऐकला. तिनं माज्याकडं बघितलं आन् मान खाली घातली. पोरगा गेला हे एवढ्या महिन्यांत पयल्यांदा त्या बोलल्या, आन् बोलल्या तरी डोळं कोरडंच.

"घाला नवं टायर," वैनी म्हनल्या.

मी घातलं. बाण बघितला, दोनदा बघितला. हवा मापानं भरली, पुढं कमी, मागं जरा जास्त. राजेश्वरीला सांगितलं, की पयलं काय दिवस हळू चालव, नव्या टायरचा गुळगुळीतपना जाईस्तवर त्यो रस्ता नीट धरत न्हाई. वैनी उठून गाडीपाशी आल्या. टायरवर जावळ व्हतं, बारीक, काळं. त्यांचा हात पुढं गेला आन् मधीच थांबला. त्यांनी त्यो पदरात घेतला, जनू हाताला कायतरी लागलं व्हतं.

राजेश्वरीनं त्यो हात पदरातनं काढला आन् टायरवर ठेवला. "फिरवा की, आत्याबाई. निस्त्या हातानं काय व्हत न्हाई. व्हय न्हवं, तात्या?"

"कायबी व्हत न्हाई," मी म्हनलं.

त्यांनी हात फिरवला. एकदाच. मग भिंतीकडं गेल्या, जिथं जुनं टायर टेकवलं व्हतं. मागचा टायर उचलला, तेल पिऊन मऊ पडलेला. त्याच्या खाचंत अजून मळ्याची माती अडकली व्हती. त्याच टायरवर वीरधवल शेवटचा फिरला व्हता.

"ह्यो मी घरी नेती," वैनी म्हनल्या.

"न्या की. पर काय करनार त्याचं, वैनी? वापरायचा न्हाई हां त्यो. कुठल्याच गाडीला न्हाई."

"न्हाई वापरत." त्यांनी टायर छातीशी धरला. लुगड्याला काळं लागलं. "भावजी, ह्येच्यावर आता कुनी बसनार न्हाई न्हवं?"

"न्हाई, वैनी."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई."

त्यांनी मान हालवली. 'पटलं' म्हनावं तशी. मग माज्याकडं बघितलं, नीट, उदयसिंहांच्या येळंला बघायच्या तसं.

"मग ह्येला तेल लावलं, तर चालंल?"

आन् मी, ज्यानं तेलाच्या नावानं एवढा तमाशा केला व्हता, म्हनलं, "चालंल की, वैनी. कोमट करून लावा."